देवीच्या डोळ्यांचं माप

सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा भोरच्या त्या दवाखान्यात आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे होतो. बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि मी. मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली, कापूस उचलला, डोळा हलकेच पुसला, आणि सासूबाईंनी पापणी उघडून समोर पाहिलं. समोर नेमका मी होतो. अशा वेळी माणसं काय बोलतात? 'दिसतंय का?' म्हणतात. 'मी कोण, ओळखा बघू' म्हणतात. मेहुणा तर नुसते हात जोडून उभा होता. मी म्हणालो, "आई, तुमची खोबण काय सुरेख आहे हो!"

डॉक्टर कापूस हातात धरून थांबले. सासूबाईंनी मेहुण्याच्या बायकोला विचारलं, "खोबण म्हंजी काय गं?"

"डोळ्याचं भोक, आत्याबाई."

"भोकात काय बगायचं?" सासूबाई म्हणाल्या आणि काळा चष्मा लावून उठल्या. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती जेव्हा माझ्याकडं पाहत नाही, तेव्हा मला बरंच काही कळतं.

यात माझा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही, पण सवयीचा होता. मी एका आयुर्वेद कॉलेजात शरीररचना शिकवतो. पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. कुणी गड चढायला लागतं, कुणी पेटी शिकतं. मी आमच्या विभागातल्या कपाटातल्या कवट्या काढून त्यांच्या डोळ्यांच्या खोबणी मोजायला लागलो. उजवी आणि डावी, रुंदी आणि उंची. व्हर्नियर कॅलिपर नावाची एक सरकती, जबड्याची पट्टी असते. तिची टोकं कडेला टेकवायची, आकडा वाचायचा, पट्टी मिटवायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, कारण आपलाच हात आपल्याला फसवत असतो. कानाकडची कड स्वच्छ असते, बोटाला लागते. नाकाकडं मात्र ती हाडात अशी विरघळून गेलेली असते, की खोबण नेमकी कुठं सुरू झाली यावर मी आणि माझे सहकारी चहा गार होईपर्यंत भांडायचो. दोन्ही बाजू कधी अगदी सारख्या भरत नाहीत. उजवी-डावीत थोडा तरी फरक निघतोच, आणि तो सापडला की मला जो आनंद व्हायचा, तो घरी सांगण्यासारखा नव्हता.

मग एसटीत बसलो तरी मी माणसांच्या चेहऱ्यांकडं न बघता चेहऱ्यांच्या आत बघायला लागलो. समोरचा माणूस म्हणायचा, "काय पाव्हणं, वळख हाय का?" आणि मी दचकून खिडकीबाहेर बघायचो.

बायको भोरच्या शाळेत शिकवते. तिनं माझ्या या उद्योगाला विरोध केला नाही, दोन अटी मात्र घातल्या. कॉलेजातून आलं की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. आणि ती पट्टी घरात आणायची नाही. "मी अंधश्रद्धाळू नाही," ती म्हणाली होती, "पण ती पट्टी कुणाच्या डोळ्यांच्या जागी जाऊन येते ते मला माहीत आहे." मला ते पटलं होतं. पट्टी कॉलेजातल्या खणातच असायची. त्या एका दिवसापर्यंत.

माझी सासुरवाडी हिर्डोशीच्या पुढं, वरंध्याच्या अंगाला एका वाडीत आहे. वाडीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, पत्र्याच्या छपराखाली देवी आहे. देवी म्हणजे एक उभा दगड, आणि त्यावर वर्षानुवर्षं चढलेला शेंदराचा लेप. नाक नाही, तोंड नाही. फक्त चांदीचे दोन डोळे, मेणानं बसवलेले. लेप चढत जातो तसे डोळे आत आत जातात. मग कुणीतरी नवसाचे नवे डोळे वाहतं, जुने काढतात, नवे बसवतात. सासूबाईंनी मोतीबिंदू पिकत चालला तेव्हाच बोलून ठेवलं होतं, की दिसायला लागलं तर देवीला डोळे वाहीन. त्यांना कितीतरी दिवस देवी म्हणजे नुसता लाल ढग दिसत होता. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, हे त्या मान्य करत होत्या. पण डॉक्टरांचा हात कुणी धरला होता, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. चैत्रातल्या जत्रेपर्यंत डोळे बसले की नवस फिटला. तोवर त्यांच्या मते तो डोळा उसना होता.

भोरच्या सोनारानं माप मागितलं. मेहुणा म्हणाला, "त्याचं काय नाय दाजी, गुरव पळसाचं पान लावून माप देतो. नखानं रेघ मारायची, कापायचं, सोनाराला द्यायचं. आमच्याकडं तसंच आस्तंय."

"पान सुकल्यावर आक्रसतं," मी म्हणालो. मला वाटतं तिथंच सगळं बिघडलं. "मी मोजून देतो."

घरात मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी होती. शिंप्याची टेप होती. पण सासुरवाडीत इतकी वर्षं मी 'नुसताच मास्तर' होतो. सुई टोचत नाही, सलाइन लावत नाही, गोळी देत नाही. असला कसला डॉक्टर, असं लोक तोंडावर म्हणायचे. आणि आता पहिल्यांदाच माझ्या विद्येचं काम निघालं होतं. मी कॉलेजातून कॅलिपर आणला. स्पिरिटनं पुसला. घरात नेला नाही, अट पाळली. गाडीच्या पुढच्या खणात ठेवला.

रविवारी आम्ही धरणाच्या कडेकडेनं वाडीला गेलो. सासूबाई ऑपरेशनपासून आमच्याकडं भोरलाच होत्या, बायको त्यांच्या डोळ्यात वेळेवर थेंब टाकत होती. देवीचं माप झालं की दिवेलागणीला परत यायचं ठरलं होतं. डोंगरावर आम्ही पोचलो तेव्हा भावकीतल्या बायका येऊन बसल्याच होत्या. त्यात आमच्या चुलत सासूबाई. या मूळच्या वेल्ह्याकडच्या, मार्गासनीच्या. त्यांचं बोलणं चुलीतल्या लाकडासारखं, अधूनमधून तडतडणारं.

सासूबाई देवीसमोर गेल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, काळा चष्मा काढून हातात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. मग गुरवानं कोमट पाण्याचा हात लावून मेण सैल केलं आणि जुने डोळे काढले.

शेंदरात दोन खळगे उरले.

आता हे कसं सांगू? देवी होती, माणसं होती, उदबत्ती होती, मला सगळं कळत होतं. पण ते दोन खळगे दिसले आणि माझा हात आपोआप कपाटापुढच्या टेबलावर असल्यासारखा चालायला लागला. मी गुडघ्यावर बसलो, कॅलिपरची टोकं टेकवली आणि खणखणीत आवाजात बायकोला सांगायला लागलो, "लिही. उजवी खोबण, रुंदी..." बायको मोबाईलवर आकडे टिपत होती. मी मिटवून पुन्हा मोजलं. डावी घेतली. फरक निघाला. मी म्हणालो, "बघा, देवीचीसुद्धा सारखी नाही!" मला तो आनंद झाला, घरी सांगण्यासारखा नसलेला.

चुलत सासूबाई पुढं सरकल्या. "जावईबापू, हत्यार लई झ्याक हाय वो. सोनाराचं का?"

"सोनाराचं कुठलं, काकी! कॉलेजातलं आहे. मी कवट्यांच्या खोबणी मोजतो ना, त्या यानंच. केसाएवढा फरक असला तरी..."

माझं वाक्य तिथं संपलं. वरच्या पत्र्यावरून माकड चालत गेलं, तेवढाच आवाज झाला.

"कवट्यांच्या?" चुलत सासूबाई म्हणाल्या. "मान्साच्या?"

"पुसलाय मी," मी म्हणालो. "स्पिरिटनं."

"स्पिरिट म्हंजी दारूच की!"

मागून एक पोरगा म्हणाला, "घ्या! देवीला दारू बी पाजली." दोघंतिघं हसली. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी हातातला काळा चष्मा उघडला, सावकाश डोळ्यांवर चढवला आणि पाठ फिरवून पायऱ्या उतरायला लागल्या. इतक्या दिवसांनी देवी बघायला आल्या होत्या, आणि मागं वळूनही न बघता चालल्या होत्या.

गुरव शांत माणूस. "हुतं आसं. पानी आना," एवढंच म्हणाला. गोमूत्र आलं, हंडे आले. देवीला आंघोळ झाली. मग त्यानं अंगठ्यानं दोन्ही खळग्यांतला शेंदूर खरवडून काढला आणि तिथं नवा लेप दिला. माझी मापं त्या खरवडलेल्या शेंदराबरोबर द्रोणात पडली. खळगेच बदलले, आता ते आकडे कुणाच्याच कामाचे नव्हते. मी चपलांपाशी उभा होतो. हातातला कॅलिपर कुठं ठेवावा ते सुचत नव्हतं. खिशात ठेवावा तर वाटे लोक बघतायत, हातात धरावा तर बघतायतच.

मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. तंबाखू मळत म्हणाला, "चालायचंच, दाजी." बार भरला. मग म्हणाला, "पर म्या म्हनलं हुतं. गुरव पान लावतो."

संध्याकाळी सासूबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत. "मी हितंच ऱ्हाते," म्हणाल्या. बायकोनं खूप समजावलं, त्यांनी चुलीपुढनं मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर निम्मं धरण मागं पडलं तेव्हा बायको बोलली. "कुठं ठेवली होती ती पट्टी?"

"घरात नाही आणली. गाडीच्या खणात होती."

"त्या खणात नैवेद्याचे पेढे होते."

घरी आल्यावर फ्रीज उघडला तर दारातच डोळ्याच्या थेंबांची बाटली. वाडीत दुसरी मिळणार नव्हती. सकाळी बायकोची शाळा होती. तिनं बाटली रुमालात गुंडाळून माझ्यापुढं ठेवली. "तुम्हीच जा. घाण तुम्ही केलीय."

मी मोटरसायकलवरून गेलो. वाटेत काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं. सासूबाई ओट्यावर नाचणी पाखडत बसल्या होत्या. चष्मा बाजूला ठेवलेला. डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी गळत होतं. चुलीचा धूर, वर रात्री आणि सकाळी थेंब पडलेले नाहीत. मी बाटली पुढं केली.

"तितं ठेवा. उंबऱ्यावर."

मी उंबऱ्यावर ठेवली. कुणाच्या तोंडावर दार लावणं मी पाहिलंय, पण त्या 'तितं ठेवा'ला दाराचीही गरज नव्हती. मी अंगणातच उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, डोळा लाल झालाय. थेंब टाकायला हवेत."

"देवीच्या मनात आसलं तर ऱ्हाईल डोळा. न्हाई तर जाईल."

नवस अर्धा राहिला, देवी विटाळली, आता डोळा जाणार, हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. आणि हे सगळं मी डॉक्टर दिसावं म्हणून! जुळवलेलं सगळं बोलणं विसरून मी म्हणालो, "आई, मी पुन्हा कवटीला हात लावणार नाही. शपथ."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग खानार काय? पगार देत्यात न्हवं त्येचा?"

"देतात."

"मग लावा हात. मेलेल्या मान्साला काय कराया भ्यायचं?" नाचणीतला एक खडा त्यांनी अंगणात फेकला. माझ्या पायापाशी पडला. "इटाळाचं गुरवानं बगितलं. त्ये आता मिटलं."

"मग?"

त्यांनी पदरानं गालावरचं पाणी टिपलं. "पट्टी काडली तवा समदी इचारत हुती, दिसतंय का, दिसतंय का. डाक्टर इचारत हुता. तुमी न्हाई इचारलं. आजून बी न्हाई."

मला वाटलं, मोटरसायकल तिथंच ठेवून चालत भोरला जावं. आठवडाभर त्या माझ्या घरात राहिल्या होत्या. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यालो होतो. खोबणीवर पसरलेली भुवई, गालाचं हाड, सगळं मला पाठ होतं. अंगणातल्या अंगणात, आपल्याच चपलांकडं बघत, मी विचारलं, "दिसतंय का, आई?"

"दिसतंय की. लई चांगलं दिसतंय. तुमाला गालफडाखाली दाढी नीट करता येत न्हाई, त्ये बी दिसतंय."

माझा हात गालाकडं गेला. त्या हसल्या नाहीत, पण सूप बाजूला सारून जरा सरकून बसल्या. "माजी खोबण मेल्यावर मोजा. जित्ती हाय तवर थेंब टाका. पयले हात धुवा."

मी न्हाणीत जाऊन साबणानं हात धुतले आणि दाखवले. त्यांनी ते एका डोळ्यानं नीट निरखले. "परत धुवा." मी परत धुतले. मग त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि मी थेंब टाकला. त्या दिवसापासून जत्रेपर्यंत रोज कॉलेज सुटल्यावर मी वाडीला जात होतो. बाकीच्या वेळेचे थेंब मेहुण्याची बायको टाकायची. लाली उतरली. पण नवसाचं नाव काढलं की सासूबाई गप्प व्हायच्या, आणि चहाचा कप इतर कुणाच्याही हातातून घ्यायच्या, माझ्या हातातून मात्र कधी नाही. मी तो ओट्यावर ठेवायचो, मग त्या उचलायच्या.

जत्रेच्या दिवशी डोळे बसवायचे होते. सोनारानं गुरवाच्या पानावरूनच केले होते. मी येणार नाही म्हटलं होतं. बायकोनं इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला, म्हणजे जायचं होतं. छपराखाली पाऊल ठेवतोय तोच चुलत सासूबाईंनी वाट अडवली.

"आज काय आनलंय मोजाया?"

"काही नाही, काकी. हात हलवत आलोय."

"दावा खिसं."

मी सगळ्यांसमोर पँटचे खिसे बाहेर काढले. एक रुमाल आणि गाडीची किल्ली. "जाऊ द्या त्येला," गुरव आतून म्हणाला. मी खिसे आत सारून एका खांबाला टेकलो.

गुरवानं मेण मऊ केलं. उजवा डोळा बसवला, अंगठ्यानं दाबला. मग डावा. मग तो मागं सरला आणि बायकांनी गलका केला. देवी बघत होती.

डावा डोळा लहान होता.

फार नव्हे. कदाचित पान आक्रसलं असेल. बाहेरच्या कोपऱ्यात शेंदराची एक लाल रेघ उघडी राहिली होती आणि त्यामुळं देवी जराशी डोळा बारीक करून, संशयानं बघितल्यासारखी, माझ्याकडंच बघत होती. माझा हात शर्टाच्या वरच्या खिशाकडं गेला. तो रिकामाच होता.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज आला. "हितं या. तुमी बगा. बरूबर बसलं का?"

गलका थांबला. सगळी माणसं माझ्याकडं वळली. चुलत सासूबाई, मेहुणा, तो दारूवाला पोरगा, गुरव. सासूबाई चष्मा न लावता माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पुढं गेलो, वाकलो, दोन्ही डोळे बघितले आणि म्हणालो, "बरोबर बसलेत."

"नीट बगून सांगा."

"नीट बघितलं, आई. दोन्ही बरोबर आहेत."

"मग फिटला नवस," त्या म्हणाल्या. त्यांनी देवीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडायला दिला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. खाली नाही, ताटलीत नाही. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. मी तो तुकडा चावलासुद्धा नाही, तसाच तोंडात धरून उभा राहिलो.

परत येताना मी गाडी चालवत होतो आणि मनातून जरासा फुगलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला फरक दिसला होता आणि मी तो बोललो नव्हतो. धरणाच्या वळणावर मला राहवेना. मी बायकोला म्हणालो, "डावा डोळा बारीक होता. मी बोललो नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "हो. तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा काकींनी मागून माझा हात दाबला."

"त्यांना दिसला होता?"

"दादाला दिसला. गुरवाला तर बसवतानाच कळलं असणार. सगळ्यांना दिसला," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि पुष्कळ दिवसांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आईला पण दिसला हो. ऑपरेशन चांगलं झालंय तिचं."